शेजारच्या सीटचं वजन

आमच्या व्हॅनला सरळ जायचं असेल तर शेजारच्या सीटवर दादा लागायचा. हे काही भावनिक विधान नाही. गॅरेजच्या मेस्त्रींनी चाकांची अलाइनमेंटच तशी केली होती. व्हॅन जुनी, स्प्रिंगा दबलेल्या. म्हणून मेस्त्रींची रीत अशी, की गाडीत रोज जितकी माणसं बसतात तितकी बसवायची आणि मगच पुढच्या चाकांचं माप घ्यायचं. आम्ही दोघं भाऊ लोकांचं घरसामान हलवायचो. मी चालवायचो, दादा शेजारी बसून वजन द्यायचा. त्यात तो तरबेज होता.

मग दादाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. "थोडे दिवस बघतो," म्हणाला आणि वहिनी, कपाट असं सगळं घेऊन गेला. कपाट मीच पोचवलं. थोड्या दिवसांसाठी कुणी कपाट नेत नाही, हे निदान या धंद्यातल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

व्हॅनला लगेच कळलं. ती मोकळी बाजू जरा वर उचलली गेली आणि गाडी सारखी माझ्या बाजूला ओढायला लागली. मी सीटवर रेतीचं पोतं ठेवलं, त्याला पट्टा बांधला. गाडी बरीचशी सुधारली. सिग्नलला मी पोत्याला विचारायचो, "काय म्हणतोस?" ते काही म्हणायचं नाही. दादाही फारसं काही म्हणायचा नाही, त्यामुळे फरक जाणवू नये अशी अपेक्षा होती.

पण एका पोत्यात दादा मावत नाही. पुढचं टायर एका कडेने झिजलं, तेव्हा मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी दार उघडलं.

"हे कोण?"

"दादा."

"बारीक झालाय."

"बाहेरचं खातो."

मेस्त्री हसले नाहीत. "बारक्या, अलाइनमेंट दोघांची लावू की एकट्याची?"

"दोघांचीच. येईल तो."

"मग आल्यावर लावू. पोत्यावर माप घेत नसतो मी."

"तोवर टायर नाही टिकायचं."

"म्हणून तर विचारतोय."

मी पोत्याचा पट्टा घट्ट करायला लागलो, तेव्हा त्यांनी हात पुसून दादाला फोन लावला. स्पीकरवर.

"थोरल्या, गाडीची अलाइनमेंट लावायचीय. बसायला कधी येतोस?"

पलीकडे भांडी वाजत होती. ती थांबली.

"मेस्त्री," दादा म्हणाला, "एकट्याच्याच मापाने लावा. मला त्याला सांगायला जमत नाहीये. तुम्हीच सांगा ना."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "सांगतो," म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "पोतं उतरव. बस."

मी स्टिअरिंगपुढे बसलो. ते खालून नट फिरवत होते.

"हलू नकोस."

मी हललो नाही. वजन द्यायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

दुपारी एका काकूंचं जेवणाचं टेबल हलवायचं होतं. गाडी त्यांच्या दारापर्यंत सुतासारखी सरळ गेली. काकूंनी माझ्या मागे वाकून पाहिलं.

"दुसरा माणूस कुठाय?"

आजवर मी "मागून येतोय" म्हणायचो. मग लोक दारात वाट बघत थांबायचे, आणि त्यांच्यासोबत मीही थांबायचो.

"मी एकटाच असतो," म्हणालो.

"अगंबाई! मग टेबल?"

"तुम्ही तिकडून धरा."

त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि धरलं.