चमचाभर तेल आणि दहा वस्तू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर ‘स्मृतिमहर्षी’ (ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेली) माशाच्या तेलाची बाटली उंच धरून गरजत होते, “एवढ्या अथांग समुद्रात मासा कधी वाट चुकतो का? मग त्याचं तेल पोटात गेल्यावर तुम्ही कशाला चुकाल?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाचव्या रांगेत बसलेल्या एका शिक्षिकेचे हात मात्र उचलेनात. मंचावरच्या खुर्चीत तिचे बाबा होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारे बाबा हल्ली किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवत. हे विसरणं थायरॉइडमुळे आहे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, गुण यायला वेळ लागेल म्हणाले होते. महर्षींनी त्या पहिल्याच भेटीत बंद करायला लावल्या. आता बाबांचा चेहरा सुजला होता, आवाज जड झाला होता.

महर्षींनी बाबांसमोरच्या, दहा वस्तू मांडलेल्या ताटावरचं कापड उचललं आणि बडबड करत लगेच झाकलं. बाबांना तीनच वस्तू सांगता आल्या. मग चमचाभर तेल पाजून तेच ताट पुन्हा उघडलं, एकेक वस्तू हातात घेऊन, नाव उच्चारून दाखवली. ताट झाकल्यावर बाबांनी दहाच्या दहा सांगितल्या! कितीतरी दिवसांनी ते खळखळून हसले.

तेच ताट! वर्गात ती पाढे असेच तर पाठ करून घ्यायची. गप्प बसावं तर गोळ्या बंदच राहणार, बोलावं तर बाबांचं हसू जाणार.

ती उठली. “ज्यांनी तेलाचा थेंबही घेतला नाही, त्यांनी सांगा. ताटात काय होतं?”

“कात्री! मेणबत्ती! कुलूप! चष्मा!” लोकांनी घडाघडा सगळं सांगितलं.

“ताई, श्रद्धा नसली की...” महर्षी म्हणू लागले.

“मग ताट बदला, महाराज. नव्या वस्तू ठेवा आणि एकदाच दाखवा.”

महर्षींना एकाएकी पुढच्या गावचा कार्यक्रम आठवला.

“लोकहो,” ती म्हणाली, “तेल घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून घ्या. पण त्यानं गेलेली आठवण परत येते असं कुणी म्हणालं, तर ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचं काय झालं, एवढं विचारा. आणि चालू औषध कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका.”

बाबा पायऱ्या उतरून आले. “म्हणजे मी बरा झालोच नाही?”

“नाही, बाबा.” तिने त्यांचा हात धरला. “उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

“उशीर झाला असेल का गं?”

“माहीत नाही. त्यांनाच विचारू.”