मधला घास

आईच्या हाताला दोष आहे, असं आत्या बारा वर्षं सांगत आली. आजोबांच्या पंच्याहत्तरीला उरलेला भात दुसऱ्या दिवशी खाऊन घरातली नऊ माणसं उलट्यांनी आडवी झाली, तेव्हापासून. भात आईने शिजवला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तो कुणी कसा ठेवला, हे आई आणि आत्या या दोघींनाच ठाऊक होतं. आई एकदाच बोलली. "नणंदेवर ढकलून स्वतःचं झाकतेय," असं उत्तर आलं. बाबा गप्प राहिले. मग आईही. त्यानंतर कुणाकडे जेवण असलं की आईच्या वाट्याला पाणी वाढायचं काम येई. खरं काय ते तिने मला सांगितलं, पण फार उशिरा.

आई गेली त्याला आठवडा झाला होता. भेटायला आलेल्यांसाठी मी दुपारी भात टाकला. अर्धं पातेलं उरलं. आई असा भात लगेच परातींत बोटभर जाडीचा पसरायची आणि वाफ गेली की उथळ डब्यांत भरून तासाभरात फ्रिजमध्ये. तापलेलं पातेलं ती लाकडी फळीवरच ठेवायची, झाकणावर फडक्याची घडी. घडी दिसली की आम्ही पोरं हात मागे घ्यायचो.

मी परात काढली, तोच आत्या आत आली.

"एवढा पसारा कशाला? भांडी घासायला कोण बसलंय? फ्रिज काय शोभेला आणलाय?"

त्या पंच्याहत्तरीला आत्या काय म्हणाली, म्हणून आईने सांगितलं होतं ते हेच. शब्दाला शब्द. मी क्षणभर परात धरून उभी राहिले. मग ती परत मांडणीवर ठेवली.

"तू म्हणशील तसं, आत्या."

तिने झाकण घट्ट बसवलं, माझंच फडकं घेऊन पातेलं उचललं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ढकललं. "शिक जरा," म्हणाली. "आईवर जाऊ नकोस."

दोन वाजले होते. त्या भाताला कुणी हात लावू नये म्हणून संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारातून हलले नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, इथे बरं वाटतं. ते खोटं नव्हतं.

सातला मी पातेलं टेबलावर आणून ठेवलं. बाबा, काका, आत्या, सगळे बसले होते.

"काका, कडेला बोट लावा."

"गार आहे की."

"आता मध्ये."

काकांनी बोटं भातात खुपसली आणि चटकन ओढली. "अगं, हे तर ऊन आहे! पाच तास आत होतं ना?"

"होतं. मोठं भांडं कडेनं निवतं. पोटात ऊन राहतं आणि तिथेच नासतं. वास येत नाही. पुन्हा तापवून उपयोग नसतो." मी मधला भात वाटीत काढला आणि चमचा घालून वाटी आत्यापुढे सरकवली. "मधला घास तुझा."

"मला भूक नाही."

"आईच्या हातचा नाही गं. माझ्या हातचा आहे. एकच चमचा."

"खा की, ताई," काका हसत म्हणाले. "आम्हाला वाढताना बरा तुझा हात सैल असतो!"

आत्याने चमचा उचलला. मी तो अडवणार होते का, हे मला अजूनही सांगता येत नाही. ओठांपाशी नेऊन तिने तो आपटला.

"मला काय ठाऊक? फ्रिजमध्ये ठेवलं की झालं, असंच वाटतं माणसाला. या वेळीही मी काही मुद्दाम..."

"या वेळीही," मी म्हणाले.

काकांचं हसू गेलं. बाबांनी मान वर केली. "म्हणजे तेव्हा पातेलं तू ठेवलं होतंस?"

आत्याने वाटी दूर सारली. "वहिनी म्हणाली होती, पसरून ठेवा म्हणून," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बाबा उठून बाहेर गेले. त्यांनाही मी सोडणार नव्हते, पण त्यांची पाळी नंतर.

भात मी कचऱ्यात ओतला. रिकामं पातेलं आणि घासणी आत्याच्या हातात दिली, नळ सोडला. ती घासू लागली. कडेकडेनं.

"मधलं नीट घास, आत्या," मी म्हणाले, आणि स्टूल ओढून शेजारी बसले.