सातवा आवाज

"हा ग्लास उचला हितनं," बाळासो म्हणाले आणि कुणी उचलायच्या आधी त्यांनीच तो उचलला. "डाव्या अंगाला एवढी गर्दी करून तिथं काय बाजार भरवायचा हाय?"

मिरजेतल्या भैरोबा तालमीसमोर ज्योतिबाचं हॉटेल आहे. त्या हॉटेलातल्या लांब टेबलावर अकरा ग्लास उपडे मांडले होते. एक मागं, त्याच्यापुढं चार, मग चार, मग दोन. फायनलच्या दिवशी सकाळी तालमीची फुटबॉल टीम अशी मांडून बघायची पद्धत होती. खुर्च्यांवर सात जाणती माणसं बसायची, कोच दिग्विजय सर कडेच्या स्टुलावर बसून ऐकायचे, आणि ज्योतिबा उरलेल्या गिऱ्हाइकांना कपातून चहा देत कुरकुरत राहायचा.

"फायनल तुमची आन् हाल माझं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हनतंय, कपातला चहा लवकर निवतोय."

"फुकून प्या म्हनावं," बाळासो म्हणाले. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले होते, पण स्टेअरिंग त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं. जिथं बसतील तिथली गाडी आपणच हाकतो असा त्यांचा समज होता.

गुंडा सुभेदारांनी उचललेला ग्लास शांतपणे परत जागेवर ठेवला. फौजेत चोवीस वर्षं काढलेला माणूस, सहजासहजी मोर्चा सोडणारा नव्हे. "पहिलं समोरच्याची ताकद बघा," ते म्हणाले. "वेताळ तालमीचं समदं काम थ्रोवर चालतंय. त्यांचा तो जाड मानेचा गडी थ्रो न्हाई टाकत, ग्रेनेड टाकतोय. बॉल सरळ गोलच्या तोंडात पडतोय. तिथं लाइन सोडून फुडं यीऊन बॉल उचलनारा गोली पायजे. म्हंजे शिवतेज."

"शिवतेज?" बाळासोंनी नाक मुरडलं. "सेमीफायनलला हातातनं बॉल सुटला तो कुणाच्या? साधा, लोण्यागत आलेला बॉल. त्याच्यापरीस वीरधवलला उभा करा. सहा फूट उंच हाय. टायब्रेकरला गेलं तर कामाला यील."

बोलता बोलता बाळासोंची नजर नानासोंकडं गेली आणि चटकन दुसरीकडं वळली. शिवतेज हा नानासोंचा मुलगा. नानासो टेबलाच्या टोकाला बसले होते आणि मघापासून एक शब्द बोलले नव्हते. बोलायचं नव्हतंच. तालमीत एक जुनी रीत होती. एखाद्या जागेवर वाद झाला तर सातजणांनी एकेक आवाज द्यायचा, पण ज्याच्या घरचं पोर त्या जागेसाठी असेल त्यानं गप्प बसायचं. पूर्वी कधीतरी दोन साडू आपापल्या पोरांसाठी भांडले होते, लोखंडी खुर्च्या उडाल्या होत्या आणि एकाच्या कपाळाला पाच टाके पडले होते. तेव्हापासून ही रीत आली. आवाज समसमान झाले, तर मागच्या सामन्यात खेळलेला गडी कायम राहायचा.

शिवतेज सव्वीस वर्षांचा. त्यातली सहा वर्षं त्यानं राखीव गोली म्हणून बाकावर काढली. थोरला गोली यंदा निवृत्त झाला तेव्हा कुठं याचा नंबर लागला. आणि उद्या रविवारी तो चाकणला चालला होता. तिथल्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, तीन पाळ्यांची. एकदा पाळ्या सुरू झाल्या की सराव कुठला आणि सामने कुठले. तालमीच्या भिंतीवर फायनल जिंकणाऱ्या अकराजणांची नावं रंगवतात, बाकावरच्यांची नाही. शिवतेजचं नाव तिथं लागायचं असेल तर ते आजच लागणार होतं.

सेमीफायनल नानासोंनी नेहमीप्रमाणे गोलच्या मागं उभं राहून बघितली होती. बॉल कसा सुटला ते त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. ऊन कलतं होतं, ते थेट डोळ्यांवर येत होतं, आणि ऐन वेळी आपलाच एक बॅक मध्ये आडवा आला होता. वीरधवल उंच होता हे खरं, पण लाइन सोडायला त्याचा पाय उचलत नसे. सुभेदारांचं म्हणणं नानासोंना शंभर टक्के पटत होतं. एरवी शिवतेजच्या जागी दुसरा कुणी असता, तर त्यांनी हेच सगळं टेबलावर हात आपटून सांगितलं असतं.

दिग्विजय सर म्हणाले, "एकेक आवाज द्या मग."

आवाज झाले. तीन शिवतेजला, तीन वीरधवलला.

"बरोबरी," सर म्हणाले. "मग शिवतेज कायम."

बाळासोंनी खुर्चीत मागं रेलून पाय पसरले. "हुईना का," ते हसत म्हणाले. "नाना गप्प बसले तवाच वळीकलं मी. गप्प बसून बी मत देता येतंय की."

दोघं-तिघं हसले. त्यात खोच होती, पण विष नव्हतं. दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं.

पण नानासोंना ते लागलं. ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. लांब लोखंडी चावी मोपेडला आडवी बांधून सत्तावीस वर्षं ते गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत आले होते. शहरात पाणी सोडणाऱ्या माणसाला दिवसातून दहा जण शिव्या देतात. नानासोंना मात्र कुणी म्हणू शकत नव्हतं की त्यांनी आपल्या गल्लीला पाच मिनिटं जास्त दिली. उलट स्वतःची गल्ली त्यांनी शेवटी ठेवली होती, जिथं नळाला जेमतेम करंगळीएवढी धार येई. मुलीच्या, अंकिताच्या लग्नात मांडवात पाहुणे हात धुवायला खोळंबले होते, तरी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी त्यांनी व्हॉल्व्ह उघडला नाही. टँकर मागवला. लोक ती गोष्ट अजून सांगत, आणि नानासो तिथून जात असले की जरा मोठ्यानं सांगत.

"वीरधवलला उभा करा," नानासो म्हणाले.

ज्योतिबानं स्टोव्ह बारीक केला.

"नाना, तुमी बोलायची रीत न्हाई," सुभेदार म्हणाले.

"घरच्याची बाजू घिऊ नी म्हनून रीत हाय. मी कुठं बाजू घेतली?" नानासो म्हणाले. "पोरगं उंच हाय. टायब्रेकरला उपेगी पडंल."

बाळासोंनी पाय जवळ घेतले. आपली थट्टा एवढी लांब जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. दिग्विजय सरांनी नानासोंकडं बराच वेळ बघितलं आणि वहीत नाव खोडून दुसरं लिहिलं.

"ह्याला म्हनायचं मानूस," ज्योतिबा म्हणाला. "पोटच्या पोराला बी सूट न्हाई." त्यानं नानासोंपुढं न मागता चहा ठेवला.

खोटं कशाला सांगा, त्या घटकेला नानासोंना फार बरं वाटलं. त्यांनी चहा सावकाश प्यायला.

दहाला पेठेतला व्हॉल्व्ह उघडायचा होता. त्यांनी लोखंडी झाकण बाजूला केलं, चावी आत घातली आणि फिरवू लागले. तिथं बावीस आटे द्यावे लागतात. चौदापर्यंत त्यांनी मोजले आणि पुढचा आकडा त्यांच्या डोक्यातून गेला. चावीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले. आपण मघाशी खोटं बोललो, हे त्यांना तिथं उभं असताना नीट कळलं. वीरधवल चांगला म्हणून त्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. लोकांनी आपल्याला काही म्हणू नये म्हणून घेतलं होतं. एक बाई दारातून ओरडली, "आवं नाना, पानी आलं न्हाई अजून," तेव्हा त्यांनी राहिलेले आटे अंदाजानं फिरवले.

दिग्विजय सरांना फोन करायचा असं त्यांनी दोनदा मनात आणलं. पण फोन करून सांगायचं काय? सकाळी मी खोटं बोललो, आता माझ्या पोराला घ्या? ते त्यांच्या तोंडून निघालं नसतं. त्यांनी मोबाइल पुन्हा खिशात घातला.

दुपारी घरी गेले तर शिवतेज जेवत होता. त्याला सरांचा फोन येऊन गेला होता. कुणी काय म्हटलं हेही त्याला समजलं होतं, कारण ज्योतिबानं ती गोष्ट तासाभरात पेठभर केली होती. तो मान खाली घालून भाकरी मोडत होता. त्याच्या बॅगा कोपऱ्यात भरून ठेवलेल्या होत्या, चाकणची वेगळी आणि मैदानाची वेगळी.

शालूबाईंनी नवऱ्यापुढं ताट ठेवलं. "सत्तावीस वर्सं आपल्या गल्लीला पानी शेवटाला," त्या म्हणाल्या. "आता पोरगं बी शेवटाला."

"आई, वाढ गं भात," शिवतेज म्हणाला. विषय तिथंच थांबला.

चार वाजता सामना सुरू झाला. मैदान भरलं होतं, शेजारच्या इमारतींच्या गच्च्याही भरल्या होत्या. नानासो नेहमीच्या जागी, गोलच्या मागं जाऊन उभे राहिले. समोर पाठमोरा वीरधवल. कडेच्या बाकावर राखीव खेळाडूंचं हिरवं जाकीट घातलेला शिवतेज. सामन्याआधी वीरधवलला त्यानंच वीस मिनिटं बॉल मारून गरम केलं होतं आणि त्याच्या हातमोज्यांचे पट्टे आवळून दिले होते.

ज्या थ्रोची एवढी धास्ती घेतली होती, तो जाड मानेचा गडी दहाव्या मिनिटाला पाय मुरगळून बाहेर गेला. पुढं सामना एकतर्फीच झाला. भैरोबा तालमीनं मध्यंतराआधी एक गोल केला आणि नंतर एक. दीड तासात वीरधवलच्या हातात तीन बॉल आले. दोन सरपटत, एक उडत, तिन्ही एखाद्या शाळकरी पोरानं धरावेत असे. त्या दिवशी भैरोबा तालमीच्या गोलमध्ये कुणीही उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

शिट्टी झाली तशी पब्लिक मैदानात घुसलं. हलगी कडाडली, गुलाल उडाला. वीरधवलला खांद्यावर घेतलं. बाळासो गुलालात न्हाऊन सगळ्यांना सांगत होते, "मी सकाळीच म्हनलं हुतं, वीरधवलला घ्या." वाटेत नानासो दिसले तेव्हा त्यांनी नानासोंच्याही कपाळाला गुलाल लावला. "तुमचा आवाज भारी पडला नाना," ते म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते खरोखर खुश होते.

मिरवणूक फाटकाकडं सरकली आणि मैदान मोकळं झालं. गोलच्या जाळ्या तालमीच्या होत्या. सामना संपला की त्या सोडवून घडी घालून न्यायचं काम राखीव गोलीचं. शिवतेज खांबाजवळ उभा राहून गाठी सोडवत होता. सहा वर्षांची सवय, हात भराभर चालत होते. नानासो गेले आणि दुसऱ्या खांबाच्या गाठींना लागले. त्यांची बोटं जाड, पहिली गाठ सुटायलाच वेळ लागला.

"आबा, एक इचारू?" शिवतेज म्हणाला. तो गाठीकडंच बघत होता.

"इचार."

"मी बाळासो काकांचा पोरगा असतो, तर तुमी कुणाचं नाव घेतलं असतं?"

उंचीचं सांगता आलं असतं. टायब्रेकरचंही सांगता आलं असतं. नानासोंनी दोन्ही सांगितलं नाही.

"तुझं," ते म्हणाले.

शिवतेजनं मान हलवली. त्यानं वरच्या आडव्या दांडीवरची एक गाठ सोडवली, मग दुसरी.

"मग गप्प बसायचं हुतं की आबा," तो म्हणाला. "गप्प बसायची तर रीतच हाय."

कुणी वेळ विचारल्यावर सांगावी इतक्या साधेपणानं तो हे बोलला. नानासोंना वाटलं, यानं चिडायला हवं होतं. चिडला असता तर आपल्यालाही आवाज चढवता आला असता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला म्हटलं नव्हतं, तशी वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती.

"व्हय," शिवतेज म्हणाला. त्यानं शेवटची गाठ सोडवली. "ते टोक धरा."

जाळी खाली उतरली होती. दोघांनी दोन टोकं धरली, ताणली आणि अंगणात वाळलेलं लुगडं घडी घालतात तशी ते तिची घडी घालू लागले. फाटकाबाहेर हलगी वाजत होती. पहिल्या घडीला दोघं चार पावलं जवळ आले, दुसऱ्या घडीला दोन. शेवटच्या घडीला बाप-लेक समोरासमोर आले. शिवतेजनं हात पुढं केला. नानासोंनी आपल्याकडचं टोक त्याच्या हातात दिलं. कपाळावरचा गुलाल पुसायला त्यांना मान वर करावी लागली असती, आणि लेकाच्या तोंडाकडं बघणं होईना, म्हणून ते तसेच जाळीकडं बघत उभे राहिले.