मुकाट्यानं माडावर चढू नये

काउतुदादा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला तेव्हापासून मी शोध लावतेय. दर रविवारी त्याचा फोन येतो. "बोल माकडे, बेटावर काय नवीन?"

पहिल्यांदा मी म्हणाले, "काही नाही." मग तोही "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. झालं! त्या दिवशी ठरवलं, नवीन नसेल तर शोधून काढायचं. आणि सापडतं हो! आमच्या टूथपेस्टचं हरवलेलं झाकण पाठीवर घेऊन एक खेकडा अंगणातून ऐटीत फिरतो. आमची डुकरीण दुपारी बाबांच्या होडीत झोपते आणि भरती आली की मदतीला हाका मारते. दादा हसतो. फोन लांबतो.

पण गेल्या रविवारी त्यानं विचारलं, "माझा माड?"

"मस्त!" मी ठोकून दिलं.

खरं म्हणजे त्याच्या माडाची पोय, म्हणजे नीरा ठिबकते तो फुलांचा कोंब, सुकत चालली होती. सकाळ-संध्याकाळ तासली नाही की नीरा आटते. बाबांचा गुडघा धरलाय, ते स्वतःचे माड कसेबसे करतात. आणि जाताना दादा म्हणाला होता, "नीरा ठिबकतेय तोवर मी इथेच आहे असं समज."

मग मीच सुरी कमरेला लावली. मुली चढत नाहीत म्हणे! मी चढले. सुकलेला भाग कापला, कोवळी पोय तासली, खाली पाहिलं, आणि नवा शोध लागला. शेजारच्या तेरुबेकाकूच्या न्हाणीला छप्पर नाही.

"कोण रे मेल्या वर?" काकू किंचाळली. "गाणं नाही, काही नाही! लाज आहे का?"

माडावर चढणारा गातो, म्हणजे खालचे सावध होतात. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, आणि मी विसरले!

"काकू, मी मारेता!"

"मग गा की भवाने!"

मला गाणं येत होतं ते एकच, दादाचं. आवाज जाड करून, हुबेहूब त्याच्यासारखं, मी जोरात सुरू केलं.

वाडीतली बडबड थांबली. कुणीतरी ओरडलं, "काउतु आला!" आणि स्वयंपाकाच्या खोपटातून आई धावत आली. हात माशाच्या खवल्यांनी भरलेले, आणि एका हातात दादाचा पत्र्याचा मग. ताजी नीरा तो नेहमी त्यातच प्यायचा.

तिनं वर पाहिलं. मी दिसले.

माझा आवाज बंद झाला. खाली उतरावं की वरच राहावं, कळेना.

आई माडाच्या बुंध्याशी आली. मग म्हणाली, "थांबलीस का? पुढची ओळ तो आणखी वर नेतो."

मी वर नेली. फाटली, पण नेली. आईनं दादाचा मग खाली ठेवला नाही.

या रविवारी दादाला काकूच्या न्हाणीचं सांगितलं. तो हसून हसून खोकायला लागला.

"आणि आई? फोनवर का येत नाही?"

"माडाखाली उभी आहे. माझी चढायची वेळ झालीय ना. मी गायला लागायच्या आधीच ती येऊन थांबते. तुझा मग घेऊन."

पलीकडून काहीच आलं नाही.

पण त्यानं फोन ठेवला नाही.