बर्फातून गेलेली चीजची तार

मी एक जुनी तार आहे. अंग पोलादाचं, दोन्ही टोकांना अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी. आल्प्सच्या एका उंच खोऱ्यात, फ्लुरिना आणि आइता या बहिणींच्या चीजघरात माझं आयुष्य गेलं. चीजच्या चाकाएवढ्या जाड चकतीवर मला ठेवून दोघी दोन बाजूंनी ओढायच्या, की झाले दोन तुकडे. गिऱ्हाइकं कौतुक करायची ते बहिणींचं. चालायचंच.

वडील गेले आणि बहिणींचं बिनसलं. आइताला आपला वाटा घेऊन शहरात जायचं होतं. गायी वाटता आल्या, पण चीजसाठी दूध तापवायची तांब्याची मोठी काईल कशी वाटणार? आणि ती विकली, तर चीजघरच बंद. फ्लुरिनाने बोलणं सोडलं. मी खुंटीवर गंजत पडले.

ऐन जानेवारीत त्यांची मेंगिया मावशी आली. शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेली बाई. तिने हौदातला बर्फ फोडून एक लादी अंगणात दोन बाकांवर आडवी ठेवली.

"हिच्यावर तार टाकून दोन्हीकडे चीज दाबायचे दगड टांगू. तार आरपार जाऊन लादीचे तुकडे झाले, तर काईल विका. लादी अखंड राहिली, तर काईल इथेच, आणि आइता आणखी एक उन्हाळा थांबेल. कबूल?"

"तार आरपार जाऊन लादी अखंड? मावशी, थंडीनं डोकं गोठलंय तुझं. कबूल!" आइता म्हणाली.

"मला कुणी विचारलंय?" फ्लुरिना पुटपुटली, पण दगड तिनेच बांधले.

मित्रांनो, मी तसूभरही हलले नाही. दगड वाढवले, तरी नाही. आणखी एक टांगला असता तर मीच तुटले असते.

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. "शाळेत हा प्रयोग दाखवायचे, तेव्हा वर्ग ऊबदार असायचा. उचला, आत घ्या."

लादी एकीला उचलेना. बहिणींनी दोन टोकं धरली.

दाब पडला की बर्फ शून्याच्या किंचित खालीही वितळतो. किंचितच, बरं का. अंगणातल्या कडाक्यात तेवढ्याने काय होणार? स्वयंपाकघरात लादी ओलसर झाली, तेव्हा कुठे माझ्याखाली पाणी सुटलं. ते माझ्या वरच्या बाजूला गेलं. तिथे दाब नव्हता, म्हणून पुन्हा गोठलं. अशी मी उतरत गेले आणि माझ्यामागे वाट बुजत गेली.

तोवर बसून करणार काय? फ्लुरिनाने सातूचं सूप वाढलं.

"मीठ कमी आहे," आइता म्हणाली.

"आईच्या हातचं चालायचं तुला. तिचंही अळणीच असायचं."

कित्येक महिन्यांत दोघी पहिल्यांदा हसल्या.

दगड धपकन खाली पडले, पाठोपाठ मी. आइताने लादीवरून बोट फिरवलं, मग दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. लादी तुटली नाही.

"आता मागे सरायचं नाही हं," फ्लुरिना म्हणाली.

आइताने ओले हात पुसले. "काईल हिरवी पडलीय, ताई. घासायला व्हिनेगर आहे ना घरात?"

ती एक उन्हाळा राहिली आणि मग गेलीच. काईल मात्र विकली नाही. दर उन्हाळ्यात आइता ती घासायला येते.

मित्रांनो, तार वापरून झाली की पुसून टांगत जा. आणि कुणी गारठून बसलं असेल, तर त्याच्यावर दगड वाढवू नका. आधी त्याला आत घ्या.