वच्छलाची मास्तरीणबाई

मित्रांनो, मी कागदाच्या लगद्याची एक जुनी बाहुली आहे. हात आत घालून बोटांनी नाचवतात, त्या जातीची. माझा डावा कान झुरळांनी खाल्ला आहे. कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथीची पूड घालतात; मला घडवणारी वच्छला ती घालायला विसरली, त्याची शिक्षा मी भोगते आहे.

माझा जन्म १९५८ सालचा, अमरावतीजवळच्या एका भाजीच्या मळ्यातला. वच्छला तेव्हा सहावीत होती. भरताच्या वांग्यावर लगदा थापून तिने माझे डोके केले. वाळल्यावर आतले वांगे कोरून काढले, काजळाने डोळे रेखले आणि वारलेल्या आईच्या लुगड्याचा तुकडा मला नेसवला. वर तारेचा चष्मा चढला आणि मी मास्तरीणबाई झाले. मला फार ऐट आली होती, खोटे कशाला बोलू!

दर रविवारी दारात धोतर आडवे बांधून आमचा खेळ व्हायचा. वच्छलाची भावंडे, भगवंत आणि दोन वर्षांची शकुन, समोर बसत. मी त्यांना रागवायचे आणि ती दोघे पोट धरून हसायची.

एका शनिवारी त्यांचे वडील देवराव म्हणाले, "सोमवारपासून शाळा बंद कर पोरी. शकुनले कोन पाहीन? मले बाजारात जा लागते."

बापाला उलट बोलायची त्या घरात रीत नव्हती. वच्छला चूल पेटवायला गेली.

रविवारी भगवंतने हट्ट धरला, म्हणून खेळ झाला. देवराव उंबऱ्याशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते. मी हजेरी घेऊ लागले.

"भगवंत देवराव!"

"हजर!"

"शकुन देवराव!"

"हजल!"

"वच्छला देवराव!"

दर वेळी वच्छला पडद्याआडून स्वतःच ओ द्यायची. त्या दिवशी तिने ओ दिली नाही. मला रडू आले, पण काजळाच्या डोळ्यांत पाणी कुठले?

"वच्छला देवराव गैरहजर," शेवटी मी म्हणाले.

देवरावांच्या हातातली जुडी सुटली. पडद्याकडे पाहत ते मलाच म्हणाले, "बाई, तिचं नाव कापू नोका. थे येईन उद्या. शकुनले मी नेतो बाजारात."

दुसऱ्या दिवसापासून शकुन भाजीच्या पाटीजवळ पोत्यावर बसू लागली. वच्छलाला अभ्यासापुढे माझ्यासाठी वेळ उरला नाही. मी पेटीत पडले ती आजतागायत, आणि त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, बाहुल्यांना जपा, अधूनमधून ऊन दाखवा. आणि तुमची एखादी बहीण शाळा सोडून घर सांभाळत असेल, तर वडीलमाणसांच्या देखत एकदा मोठ्याने हजेरी घ्या. तिचे नाव वगळू नका.