सांडवा मुका झाला तेव्हा

मित्रांनो, दोन टेकड्यांच्या मध्ये ओढ्याला आडवा पडलेला मी एक जुना मातीचा बांध आहे. लांबून पाहिलंत तर गवताचं लांबट टेकाडच वाटेन. पाणी अडवणं हे माझं काम, आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पाण्याचीच. हसू नका. माझं अंग दगडाचं असतं तर मीही छाती काढून उभा राहिलो असतो. पण मातीच्या माथ्यावरून एकदा पाणी गेलं की खेळ खलास. तासाभरात मी नाहीसा होईन. आणि माझ्या पायथ्याशी एकोणीस घरं आहेत, एक शाळा आहे.

मला बांधलं त्याला आता बत्तीस वर्षं झाली. तेव्हा या उतारांवर माती टिकत नव्हती. पाऊस झाला की ओढा तांबडालाल व्हायचा आणि शेतांची साय वाहून जायची. उन्हाळा यायच्या आधीच विहिरींचे तळ दिसायचे. माझ्या कामावर एक मुकादम होता. अंगाने काडी, जिभेने मिरची. कठीण मुरूम लागेपर्यंत त्याने छातीएवढा पाया खणून घेतला. मग वीतभर माती, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस. धुम्मस म्हणजे माती ठोकून बसवायचा जड ठोकळा. एका दुपारी माणसांनी कंटाळून दोन थर एकदम टाकले. त्याने ते सगळे उकरायला लावले. म्हणाला, "माझ्या डोळ्यांत धूळ टाकाल रे, पाण्याच्या डोळ्यांत कशी टाकणार?"

माझ्या एका कडेला टेकडी कापून त्याने सांडवा काढला. सांडवा म्हणजे जादा पाण्याला दिलेली वाट. त्या वाटेने पाणी निघून जायचं, म्हणून मी जिवंत राहायचो. पावसाळाभर त्याचा घों घों आवाज घराघरांत ऐकू जायचा. तो आवाज चालू असला की मला धीर यायचा.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. विहिरी भरल्या, पडीक शेतं हिरवी झाली. दर पावसात मुकादम काठी टेकत पायथ्याशी यायचा आणि झिरपणारं पाणी ओंजळीत धरून बघायचा. "नितळ आलं तर तो बांधाचा घाम," तो सांगायचा. "गढूळ आलं तर समजा, आतली माती चालली." ऐकणारे मान डोलवायचे आणि विसरून जायचे. त्याच्या थोरल्या सुनेने मात्र ते लक्षात ठेवलं.

मग कौतुक आटलं. नळाला पाणी आलं की विहिरीची आठवण कोण काढतो? लाटांनी माती खाऊ नये म्हणून माझ्या पाण्याकडच्या अंगाला रचलेले दगड कुणी पायऱ्यांसाठी नेले, कुणी गोठ्यासाठी. पाठीवर झुडपं माजली. मुकादमाची नजर गेली आणि तो बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर बसून राहू लागला.

त्यात दोन वर्षं पाऊस कमी झाला. मुकादमाचा धाकटा मुलगा तेव्हा गावच्या पाणी समितीचा प्रमुख होता. माणूस वाईट नव्हता. लोकांची वणवण त्याला बघवत नव्हती. उन्हाळ्यात त्याने सांडव्यात कंबरेएवढी सिमेंटची भिंत घातली. आता दोन महिन्यांचं पाणी जास्त साठणार होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही जरा फुशारकी वाटली.

थोरली सून तेवढी म्हणाली, "भाऊजी, आबांना विचारलंत का?"

"वहिनी, आबांचा काळ वेगळा होता. आणि त्यांना सांगू नका हं. उगाच जिवाला लावून घेतील."

त्याच उन्हाळ्यात एका घुशीने माझ्या माथ्याखाली बीळ केलं. पूर्वी तिथपर्यंत पाणी कधी चढत नव्हतं. पण आता चढणार होतं. ते मला कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. पुढचे सगळे दिवस मी ढगांकडे बघत काढले.

पावसाळा सरता सरता तो दिवस आला. तीन दिवस संततधार लागली होती. सकाळी पाणी सांडव्याच्या जुन्या उंबऱ्यापाशी आलं. तिथून ते वळायचं, पण वळलं नाही. वर चढत राहिलं. मग माझ्या आत थंडगार काहीतरी सरकलं. पाण्याला बीळ सापडलं होतं.

थोरली सून शाळेत स्वयंपाक करायची. कामावर निघालेली ती पायथ्याशी थबकली. गवतातून बोटाएवढी धार उडत होती. तिने ओंजळ धरली. पाणी तांबडं होतं. ती आधी शाळेकडे धावली. "गुरुजी, मुलांना वरच्या टेकडीवर न्या. आत्ता. दप्तरं राहू देत!"

मग दीर आला. "वहिनी, मातीचा बांध आहे. थोडं झिरपायचंच."

तिने धारेखालची ओंजळ त्याच्या हातात ओतली. बोटांवर चिखल उरला. त्याने वळून गावाला हाका मारल्या.

माणसं जमली. घाबरलेल्या माणसाला सुचतं तेच त्यांना सुचलं. पोती कोंबून त्यांनी भोक बुजवलं. धार थांबली. मला मात्र आत कळ आली, कारण कोंडलेलं पाणी दुसरी वाट शोधत होतं. दोन हात पलीकडे ते भसकन बाहेर आलं, आधीपेक्षा जाड. बायका पोरांना काखेत मारून पळाल्या. कुणीतरी ओरडलं, "फुटला! फुटला!" मी अजून फुटलो नव्हतो. पण तो शब्द ऐकून मला वाटलं, झालं, आता फुटायचंच.

थोरल्या सुनेने चौघांना पाठवून सासऱ्यांना खाटेसकट उचलून आणलं. डोक्यावर ताडपत्री धरली होती. खाट टेकल्याबरोबर म्हाताऱ्याने कान टवकारले.

"एवढा पाऊस, आणि सांडव्याचा आवाज का येत नाही?"

धाकटा खाटेपाशी वाकला. 

"आबा," तो म्हणाला, "मी भिंत घातलीय."

मला वाटलं म्हातारा आता काठी उगारेल. त्याने फक्त विचारलं, "किती उंच?"

"कंबरेएवढी."

"मग पहारी घ्या. कमरेला दोर बांधून टेकडीकडच्या टोकापासून फोडा. मध्ये कुणी उभं राहायचं नाही. आणि इथली पोती काढा. भोक बुजवू नका! आधी वाळू टाका, वर बारीक खडी, मग दगड. पाणी जाऊ दे, माती अडवा."

शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथल्या वाळूच्या आणि खडीच्या टोपल्या हातोहात येऊ लागल्या. थोरली सून सगळ्यात पुढे होती, गुडघाभर चिखलात. वर धाकटा पहार हाणत होता. भिंत त्याने मन लावून बांधली होती, तेच आता नडत होतं. पहार लागायची आणि टवका उडायचा, बस. पाणी माझ्या माथ्याला लागायला वीतभर उरलं. मग चार बोटं. तेवढ्यात बिळावरचा माझा माथा गाडीभर रुंदीचा खचला. माणसं मागे पळाली. मी खचलो आणि पाण्याची पहिली जीभ त्या खाचेला लागली. त्या क्षणाबद्दल मला आणखी काही सांगता येणार नाही.

थोरली सून तेवढी हलली नव्हती. "टोपली!" ती किंचाळली. "टोपली द्या कुणीतरी!" आणि माणसं परत फिरली. कुणी खाली वाळू ओतली, कुणी वर धावून खाचेत पोती रचली.

मग टेकडीकडून कडाड् असा आवाज झाला. भिंतीचं टोक निखळलं आणि पाणी तिथून घुसलं. उरलेली भिंत पाण्यानेच उचलून फेकली. धाकट्याला दोघांनी दोराने ओढून काढलं. सांडवा पुन्हा घों घों करू लागला. आपल्याला रडताना कुणी पाहू नये म्हणून म्हाताऱ्याने ताडपत्री तोंडावर ओढली.

संध्याकाळपर्यंत पाणी हातभर उतरलं आणि पायथ्याची धार नितळ झाली. घरं वाचली, माणसं वाचली. पण सांडव्याचा तो पहिला लोंढा धाकट्याच्या शेतातून गेला. अर्ध्या शेताची माती वाहून खालचा खडक उघडा पडला. तो शेताच्या कडेला उभा राहून बघत होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, घरी चला ना." तो म्हणाला, "चला. उद्या बांधावरची झुडपं काढायची आहेत."

मित्रांनो, आज मी मधोमध कापलेला आहे. बिळासकट सगळी पोकळ माती काढून टाकली आणि आता थर चढवणं चालू आहे. या खेपेला मुकादम धाकटाच आहे. म्हातारा खाटेवर बसून धुम्मस ऐकतो आणि आवाज पोकळ आला तर "परत!" एवढंच म्हणतो. काम बरं चाललं आहे, पण हळू. भीती ओसरली की माणसंही ओसरतात. रोज बारा-तेराच येतात, उन्हाळा सरत आला आहे आणि वारा आता पावसाच्या बाजूने वाहू लागला आहे. उघड्या पोटाने मी पुढचा लोंढा झेलू शकणार नाही.

तुमच्याही वाटेवर असा एखादा बांध असेल. वर्षातून एक दिवस त्याच्यासाठी काढा. त्याच्या पाठीवरची झुडपं उपटा, त्याचे दगड जागेवर ठेवा, त्याच्या सांडव्यात काही अडकलं असेल तर मोकळं करा. आणि आज वेळ असेल तर इकडेच या. टोपल्या पुष्कळ आहेत. हात कमी पडताहेत.